वर्गातलं प्रेझेंटेशन : लॅपटॉप सगळ्यात शेवटी उघडा

दिवाळीनंतरच्या सत्रात आमच्याकडे सेमिनार सुरू होतात. रोल नंबरप्रमाणे एकेकाने पुढे यायचं, दहा मिनिटं बोलायचं, इंटर्नलचे मार्क घ्यायचे. मी मागच्या बाकावर मार्कांचा कागद घेऊन बसतो. दरवर्षी मुलं बदलतात, चुका मात्र त्याच राहतात. पीपीटी आधी तयार होते आणि काय सांगायचं याचा विचार स्टेजवर सुरू होतो. घरी झकास दिसणारी फाइल वर्गातल्या कम्प्युटरवर चौकोन-चौकोन होऊन उघडते. आणि उरलेल्या वेळात मुलगा आमच्याकडे पाठ करून पडदा वाचून दाखवतो, जणू आम्हाला वाचता येत नाही.

यातली एकही चूक हुशारीच्या अभावाने होत नाही. क्रम चुकतो, म्हणून होते. खाली क्रम दिला आहे, त्याच क्रमाने जा. हाताशी एक आठवडा आहे असं धरलं आहे. पहिले दोन दिवस कागद, पुढचे दोन दिवस स्लाइड, मग तालीम, आणि आदल्या दिवशी वर्गखोली. उदाहरण म्हणून एकच विषय शेवटपर्यंत घेतो, सोलापूरचं पाणी. आपल्याकडे हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार ते घरात सगळ्यांना पाठ असतं.

टप्पा १ : विषयाचा प्रश्न करा

"सोलापूर शहराचा पाणीपुरवठा" हा नुसता मथळा झाला. त्यात धरण येतं, जलवाहिनी येते, टाक्या येतात, पाणीपट्टीसुद्धा येते. दहा मिनिटांत यातलं एकही धड होत नाही. मथळ्याला प्रश्नचिन्ह लावता येईल इतका तो बारीक करा.

उदाहरणार्थ: "उजनी धरण वजा तीस टक्के झालं, तरी सोलापूरला पाणी मिळतं कसं?"

आता या प्रश्नाचं उत्तर वहीत एका-दोन वाक्यांत लिहा. "वजा म्हणजे धरण कोरडं पडलं असं नव्हे. वरचा उपयुक्त साठा संपून खालचा मृतसाठा वापरायला सुरुवात झालेली असते, आणि ते पाणी उचलायला जास्तीचे पंप लावावे लागतात." झालं. तुमचं सगळं प्रेझेंटेशन ही दोन वाक्यं पटवून देण्यासाठी आहे. ज्या माहितीचा त्यांच्याशी संबंध नाही ती कितीही भारी असली तरी बाहेर.

*तपासा:* हे उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवा. आईने किंवा आजीने "म्हणजे काय गं?" विचारलं तर वाक्य अजून कच्चं आहे. "असं होय!" म्हणाली तर पुढे चला.

टप्पा २ : चिठ्ठ्या करा, फरशीवर मांडा

रफ वहीची चार-पाच पानं फाडून प्रत्येकाचे चार तुकडे करा. एका तुकड्यावर एकच वाक्य लिहायचं. शब्द चालणार नाही, पूर्ण वाक्य हवं. "मृतसाठा" असं लिहिलंत तर त्या स्लाइडवर काय बोलायचं ते तुम्हालाच आठवणार नाही. "उजनीतलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात असतं" असं लिहिलंत तर बोलणं अर्धं तयार झालं.

आपल्या उदाहरणाच्या चिठ्ठ्या अशा होतील:

१. दर उन्हाळ्यात "उजनी वजा" अशी बातमी येते, पण धरण वजा कसं होईल?
२. शहराला पाणी तीन वाटांनी येतं: उजनीतून थेट जलवाहिनीने, भीमा नदीतून औज बंधारा आणि टाकळीमार्गे, आणि हिप्परगा तलावातून.
३. उजनीत साधारण ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं ६३ हून जास्त मृतसाठा, ५३ हून थोडं जास्त उपयुक्त साठा.
४. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्यावर मोजतात, म्हणून ती शून्याच्या खाली जाऊ शकते.
५. वजा तीसला सुद्धा धरणात सुमारे साडेसत्तेचाळीस टीएमसी पाणी असतं.
६. पातळी खाली गेली की शहराच्या पंपांपर्यंत पाणी आणायला दुबार पंपिंग करावं लागतं.
७. म्हणून वजा म्हणजे कोरडं नव्हे, पण खर्चाचं आणि काळजीचं पाणी.

सात चिठ्ठ्या, दहा मिनिटं. एका चिठ्ठीला सव्वा मिनिट धरलं तरी थोडा वेळ हातात राहतो. बारा-पंधरा चिठ्ठ्या झाल्या असतील तर निम्म्या काढा. काढताना जिवावर येतं, ठाऊक आहे. काढलेल्या फाडू नका, शेवटच्या टप्प्यात कामाला येतील.

आता सगळ्या फरशीवर मांडा, क्रम दोन-तीनदा बदलून पाहा, आणि एका मित्राला नुसत्या चिठ्ठ्या बघत गोष्ट सांगा. जिथे तुम्हाला "अरे, त्याच्या आधी एक सांगायचं राहिलं" म्हणावं लागेल, तिथे क्रम चुकलाय. हे फरशीवर पाच मिनिटांत सुधारतं. स्लाइड रंगवून झाल्यावर कुणीही क्रम बदलत नाही, मीसुद्धा नाही.

टप्पा ३ : आकडे आणि फोटो

*सावध:* एआयला सांगितलं की दोन मिनिटांत दहा स्लाइड मिळतात, हे मला माहीत आहे, आणि कुणी केलंय ते मागच्या बाकावरून ओळखूही येतं. भाषा गुळगुळीत असते आणि आकडा विचारला की मुलगा छताकडे बघतो. भाषा तपासायला एआय वापरा, माझी हरकत नाही. पण आकडा त्याच्याकडून घेऊ नका, तो बिनदिक्कत खोटा आकडाही देतो. ज्या आकड्याबद्दल "हा कुठून घेतलास?" याला उत्तर देता येत नाही, तो आकडा स्लाइडवर नको.

एकाच गोष्टीचे दोन आकडे सापडले तर घाबरू नका, तिथे खरं तर चांगला मजकूर मिळतो. उजनीचंच घ्या. एका बातमीत ११७ टीएमसी दिसेल, दुसरीत १२३. दोन्ही बरोबर असू शकतात. ११७ ही शंभर टक्के भरल्यावरची गोष्ट. पावसाळ्याच्या शेवटी धरण ११० टक्क्यांच्या वर भरून घेतात, तेव्हा एकूण पाणी १२३ च्या घरात जातं. हे शोधून काढलेल्या मुलीला मी न मागता एक मार्क जास्त दिला होता.

टीएमसी म्हणजे काय तेही एकदा सांगून टाका. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३१ कोटी लिटर.

फोटो शक्यतो स्वतः काढा. हिप्परगा शहरापासून जवळ आहे, रविवारी सकाळी जाऊन या. मोबाईल आडवा धरा. पडदा आडवा असतो. उभ्या फोटोच्या दोन्ही बाजूंना मोकळ्या पट्ट्या राहतात, आणि मग पोरं तो ताणून रुंद करतात. तलाव ताणला तर कळत नाही, पण पंपाशेजारी उभा असलेला मित्र आडवा पसरतो. मित्राकडून व्हॉट्सअॅपवर फोटो मागवायचा असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि पडद्यावर धुरकट दिसतो.

दुसऱ्याचा फोटो किंवा आकडा घेतला असेल तर त्याच स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरात कुठून घेतला ते लिहा. शेवटी "संदर्भ" म्हणून लांबलचक यादी लावू नका, ती कुणी वाचत नाही.

टप्पा ४ : आता लॅपटॉप उघडा

आधी एक कंटाळवाणं काम. वर्गातल्या प्रोजेक्टरचा चौकोन कसा पडतो ते बघून या. नवे प्रोजेक्टर रुंद, म्हणजे सोळा-नऊ प्रमाणाचे असतात. जुन्यांचा चौकोन चार-तीनचा, जरा उंच. पॉवरपॉइंटमध्ये डिझाइन मेनूत स्लाइड साइझ असतो, तो पहिल्याच मिनिटाला ठरवा. सगळं झाल्यावर बदललात तर चित्रं आणि अक्षरं इकडे-तिकडे सरकतात आणि रात्रीचे दोन वाजतात.

रंग: पांढरी किंवा फिकट पाटी, गडद अक्षरं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं लॅपटॉपवर देखणी दिसतात, पण प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. तो फक्त तिथे उजेड टाकत नाही, एवढंच. मग खोलीतला उजेडच त्या "काळ्या"वर पडतो. दुपारी बारा वाजता, पडदे नसलेल्या खिडक्यांच्या वर्गात, आपल्या सोलापूरच्या उन्हात तो काळा राखाडी होतो आणि पिवळं अक्षर त्यात विरघळतं.

प्रत्येक स्लाइडच्या डोक्यावर चिठ्ठीवरचं वाक्य टाका. "प्रस्तावना", "माहिती", "आलेख" असली शीर्षकं काहीच सांगत नाहीत.

आता एक स्लाइड जवळून पाहू, चौथ्या चिठ्ठीची. मागच्या एका बॅचने ती अशी केली होती: शीर्षक "उजनी धरण पाणीसाठा". खाली सात बुलेट, त्यात धरणाचं नाव, नदीचं नाव, दरवाजे, साठा, टक्केवारी, सगळं. उजव्या कोपऱ्यात इंटरनेटवरचा धरणाचा फोटो, त्यावर दुसऱ्याचाच शिक्का. मुलाने सातही बुलेट वाचले. "वजा तीस टक्के" म्हणाला तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे पाणी उधार घेतलं की काय बे?" वर्ग हसला. पण त्या पोराचा प्रश्न अगदी योग्य होता आणि स्लाइडकडे त्याचं उत्तर नव्हतं.

तीच स्लाइड आम्ही नंतर फळ्यावर पुन्हा बनवली. शीर्षक: "टक्केवारी फक्त वरच्या भागाची असते". खाली एकच उभा खांब. खालचा भाग तपकिरी, त्यात "मृतसाठा ६३.६". वरचा भाग निळा, त्यात "उपयुक्त ५३.५". दोन्हींच्या सीमेवर एक जाड रेघ आणि शेजारी "० %". निळ्याच्या माथ्यावर "१०० %". तपकिरी भागात, रेघेच्या थोडं खाली, एक लाल बाण: "वजा ३० % इथे". बस. बोलताना एवढंच सांगायचं: ५३.५ चे तीस टक्के म्हणजे सुमारे १६. ते ६३.६ मधून गेले, उरले साडेसत्तेचाळीस. ज्याने उधारीचा विनोद केला होता त्यानेच हे गणित आधी तोंडी केलं.

खांब कागदावर काढून मग इन्सर्ट मेनूतल्या साध्या चौकोनांनी बनवा. तयार त्रिमिती चार्ट वापरू नका, त्यात खांबाची उंची नेमकी कुठे संपते तेच कळत नाही.

अक्षरांचा आकार: शीर्षक ३६ ते ४०, मजकूर २८, आणि फोटोखालची ओळ सोडली तर २४ च्या खाली काहीच नको. इंग्रजीसाठी सांगितलेले आकार मराठीला पुरत नाहीत. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार लागतो, त्यामुळे मूळ अक्षर बारीक होतं. ओळींमधलं अंतर १.२ करा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत शिरतो. सगळा मजकूर ठळक करू नका. "ष्ठ", "क्ष" अशी अक्षरं ठळक केली की भरून जातात.

*तपासा:* शेवटच्या बाकाचा हिशेब घरीच करता येतो. पडदा सहा फूट रुंद आणि शेवटचा बाक तीस फुटांवर धरा. पंधरा इंची लॅपटॉपची स्क्रीन साधारण तेरा इंच रुंद असते, म्हणजे पडद्याच्या साडेपाचव्या भागाएवढी. तीस भागिले साडेपाच, सुमारे साडेपाच फूट. स्लाइड पूर्ण स्क्रीनवर लावा, साडेपाच फूट मागे जा, आणि वाचा. डोळे बारीक करावे लागले तर शेवटच्या बाकावरचा माणूस त्या स्लाइडला मोबाईल बघणार आहे.

अॅनिमेशनबद्दल एकच वाक्य: "अपिअर" सोडून बाकी सगळं विसरा.

टप्पा ५ : फॉन्ट, आणि फाइलच्या तीन प्रती

सगळ्यात जास्त सेमिनार इथे कोसळतात, म्हणून जरा थांबतो.

एका गटाने मजकूर बाहेर एका डीटीपीच्या दुकानात टाईप करून आणला होता. दुकानातल्या कम्प्युटरवर सुरेख दिसला, गटातल्या मुलीच्या लॅपटॉपवरही तो फॉन्ट होता, तिथेही सुरेख. वर्गात फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा सडा. चौघंही एकमेकांकडे बघत राहिले. दुकानदाराने फसवलं नव्हतं. त्याने छपाईसाठी वापरतात तसा जुन्या पद्धतीचा फॉन्ट वापरला होता.

जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, कृतीदेव घ्या उदाहरणार्थ, कम्प्युटर आतून इंग्रजीच अक्षरं साठवतो. त्या अक्षरांना मराठीचं रूप फॉन्ट देतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर रूप गळून पडतं, आतलं इंग्रजी उघडं होतं. युनिकोडमध्ये "उ" हा "उ" म्हणूनच साठवला जातो, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी मराठी मराठीच राहते.

*तपासा:* स्लाइडवरचं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवा. मराठी दिसली तर युनिकोड. भलतंच काही दिसलं तर पुन्हा टाईप करा, किंवा फॉन्ट बदलणारं कन्व्हर्टर वापरा आणि त्यानंतर जोडाक्षरं एकेक करून तपासा. कन्व्हर्टर बरेचदा रफार आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी टाकतो.

युनिकोड असलं तरी काम संपत नाही. हौसेने उतरवून घेतलेला सुंदर फॉन्ट वर्गातल्या मशीनवर नसेल तर त्याच्या जागी दुसरा बसतो, अक्षरं रुंद होतात, शेवटचा शब्द खाली घसरतो. सोपा उपाय, विंडोजमध्ये मुळातच असलेला फॉन्ट वापरा. विंडोज ८ पासून पुढे निर्मला यूआय असतो. कॉलेजातलं मशीन विंडोज ७ चं असेल तर मंगल. दिसायला साधे आहेत, पण दगा देत नाहीत. दुसराच हवा असेल तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेने जाऊन फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करायची खूण करा.

मग तीन प्रती:

– पेन ड्राइव्हवर मूळ फाइल.
– त्याच पेन ड्राइव्हवर पीडीएफ. पीडीएफमध्ये व्हिडिओ आणि अॅनिमेशन चालत नाही, पण अक्षर जागचं हलत नाही.
– दोन्ही फाइली स्वतःच्याच मेलवर किंवा ड्राइव्हवर, आणि मोबाईलमध्ये.

फाइलला रोल नंबर आणि विषयाचं नाव द्या. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल नवीन खरंच" अशा तीन फाइलींतून सगळ्यांसमोर फाइल शोधणाऱ्या पोराची दया येते.

*सावध:* कॉलेजातल्या मशीनवर पेन ड्राइव्ह लावला की कधी कधी सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसतात. तो व्हायरस. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, मेलवरची प्रत उतरवून घ्या. आणि फाइल नेहमी आधी डेस्कटॉपवर कॉपी करून मगच उघडा. भाषण चालू असताना पेन ड्राइव्हला कुणाचा धक्का लागला तरी काही बिघडत नाही.

टप्पा ६ : तालीम, उभं राहून, मोठ्याने

मनातल्या मनात केलेली तालीम धरू नका. मनात दहा मिनिटांचं भाषण चार मिनिटांत होतं.

पहिल्यांदा एकट्याने, दार लावून, मोबाईलवर वेळ लावून. दुसऱ्यांदा कुणासमोर तरी, धाकटा भाऊ चालेल. तिसऱ्यांदा स्लाइड बदलत. तिसरी वेळ गाळू नका, कारण बोलणं आणि बटण यांचा मेळ तिथेच बसतो. घड्याळात साडेआठ मिनिटं आली पाहिजेत. उरलेलं दीड मिनिट वायर, लॉगिन आणि कुणाच्या तरी उशिरा येण्यात जातं. साडेआठच्या वर गेलं तर भरभर बोलू नका, एक स्लाइड काढा.

पाठ काय करायचं? पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन. मधलं पाठ केलंत तर एक शब्द निसटला की पूर्ण गाडी रुळावरून उतरते. मधल्यासाठी स्लाइडवरचं शीर्षक पुरतं.

भाषेबद्दल थोडं. आपल्या वर्गात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी उर्दू. शहराच्या पूर्व भागातली कितीतरी मुलं घरात मराठीचा शब्द न काढता कॉलेजात येतात आणि सेमिनारला अचानक पुस्तकी मराठीत "सदर धरणाच्या अनुषंगाने" बोलू लागतात. गरज नाही. कॅन्टीनमध्ये बोलता तशी मराठी, शिव्या वगळून, उत्तम चालते. पंपिंगला "उदंचन" म्हणायचं कारण नाही. फक्त आकडे घरच्या भाषेत मनात मोजून मग मराठीत बोलायची सवय असेल, तर प्रत्येक आकडा तालमीत पाच वेळा मोठ्याने म्हणा. "त्रेसष्ट" आणि "त्रेपन्न" यांच्यात मराठी घरातली पोरंसुद्धा अडखळतात.

चौघांचा गट असेल तर चौघांनी चार तुकडे घरी पाठ करून थेट वर्गात भेटू नका. एकाने दुसऱ्याकडे सोपवायचं वाक्य ठरवा: "आता पाणी उचलतात कसं, ते ती सांगेल." हे वाक्य नसलं की एक जण थांबतो, दुसरा मोबाईलमधून डोकं काढतो, आणि मधे पाच सेकंदांची शांतता पसरते.

टप्पा ७ : आदल्या दिवशी वर्गखोली

सुट्टीत दहा मिनिटं मागून घ्या. शिपाईमामांना आधी विचारा, प्रोजेक्टरचा रिमोट बहुतेक त्यांच्याकडेच असतो.

वायर बघा. जुन्या प्रोजेक्टरला निळ्या डोक्याची व्हीजीए वायर असते, पातळ नव्या लॅपटॉपला तिचं भोकच नसतं. तेव्हा एचडीएमआयमधून व्हीजीए करणारं कन्व्हर्टर लागतं. ते कॉलेजात असेलच असं समजू नका, वर्गात कुणाकडे आहे ते विचारून ठेवा. व्हीजीएमधून आवाज जात नाही, म्हणून व्हिडिओ असेल तर वेगळा स्पीकर लागेल.

वायर लावली आणि पडदा निळाच राहिला तर विंडोजचं बटण आणि "पी" एकत्र दाबा, "डुप्लिकेट" निवडा. वर्गासमोर सगळ्यात जास्त वेळ या एका गोष्टीवर वाया जातो.

चार्जर आणा. स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ वाढवा. व्हॉट्सअॅप वेब बंद करा. मावशीचा "जेवलास का" हा निरोप पडद्यावर सात फूट रुंद दिसलेला मी पाहिला आहे.

आणि लाइट. गेली तर काय, हे आदल्या दिवशीच ठरवा. प्रोजेक्टर लगेच पुन्हा पेटत नाही, दिवा आधी थंड व्हावा लागतो, त्यात काही मिनिटं जातात. खडू खिशात ठेवा. तो खांब फळ्यावर काढायचा सराव एकदा करा: दोन चौकोन, एक रेघ, एक बाण. एका मुलाचे शेवटचे चार मिनिट असेच झाले आणि त्याचा तेवढाच भाग वर्गाला नंतर आठवत होता.

*तपासा:* पंखे पूर्ण वेगात लावा, मित्राला शेवटच्या बाकावर बसवा, आणि पहिलं वाक्य म्हणा. मार्चमध्ये पंखा बंद करायला कुणी तयार होणार नाही, त्यामुळे आवाज पंख्याच्या वर गेला पाहिजे.

टप्पा ८ : ती दहा मिनिटं

फाइल उघडून, एफ-५ दाबून, पहिली स्लाइड लावून मगच वर्गाकडे वळा. मधेच बाहेर पडावं लागलं तर शिफ्ट धरून एफ-५, म्हणजे होता त्याच स्लाइडवरून सुरू होतं. एखाद्या स्लाइडवर उडी मारायची तर तिचा आकडा टाईप करून एंटर. "बी" दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. मधे फळ्यावर काही काढायचं असेल तेव्हा हे बटण फार कामाचं.

वर्गाकडून पाहिलं तर पडद्याच्या डाव्या बाजूला उभे राहा. मराठी डावीकडून वाचतात. डोळा तुमच्याकडून ओळीकडे जातो आणि परत तुमच्याकडे येतो.

सुरुवात "गुड मॉर्निंग, माझा आजचा विषय आहे" इथून नको, विषय पडद्यावर लिहिलेला आहेच. सरळ विचारा: "उद्या कुणाकुणाकडे पाणी येणार आहे?" चार-पाच हात वर होतात, आणि तोवर तुमचा श्वासही जागेवर येतो.

स्लाइड बदलली की दोन सेकंद गप्प राहा. लोक नवी स्लाइड वाचणारच, तेव्हा बोललेलं वाया जातं. खांबासारखं चित्र आलं की आधी ते वाचायचं कसं ते सांगा: "हा खांब म्हणजे पूर्ण धरण. तपकिरी म्हणजे मृतसाठा. ही रेघ म्हणजे शून्य." मग मुद्दा. उलट क्रमाने सांगितलं की मुद्दा सांगताना लोक रंग शोधत बसतात.

पडद्याकडे वळायचं ते फक्त बोट दाखवायला. बोट दाखवताना बोलू नका. दाखवा, वळा, मग बोला. नजर कुठे ठेवायची कळत नसेल तर तीन माणसं ठरवा, खिडकीच्या ओळीतला एक, दाराच्या ओळीतला एक, शेवटच्या बाकावरचा एक. मास्तरांकडे बघू नका. आम्ही मार्क लिहीत असतो आणि तेव्हा आमचा चेहरा कुणाचाच उत्साह वाढवणारा नसतो.

टप्पा ९ : प्रश्न

गुलाबाच्या फुलावर "थँक यू" अशी शेवटची स्लाइड काढून टाका. प्रश्न चालू असतात तेव्हा पडद्यावर काहीतरी राहणारच, तिथे तुमचं उत्तर राहू द्या: "वजा म्हणजे कोरडं नव्हे". त्याच्यामागे, भाषणात न दाखवायच्या दोन-तीन स्लाइड ठेवा. टप्पा दोनमध्ये काढलेल्या चिठ्ठ्या इथे येतात. कुणी हिप्परग्याबद्दल विचारलं की आकडा टाईप करून एंटर, फोटो समोर.

प्रश्न आला की तो आधी स्वतःच्या शब्दांत मोठ्याने परत म्हणा. मागच्यांना ऐकू जातो, आणि तुम्हाला विचार करायला पाच सेकंद मिळतात. या विषयावर कुणीतरी नक्की विचारणार: "मृतसाठ्यात गाळ किती? मग साडेसत्तेचाळीस टीएमसी खरंच पाणीच आहे का?" प्रश्न नेमक्या जागी लागणारा आहे. माहीत नसेल तर ठोकून देऊ नका. "माझं गणित कागदावरच्या साठ्याचं आहे, गाळ त्यात धरलेला नाही, तो शोधून सांगतो" म्हणा आणि वहीत लिहून घ्या. या उत्तराला मी पूर्ण मार्क देतो. ठोकून दिलेल्या आकड्याला देत नाही, कारण पुढचा प्रश्न मीच विचारतो.

उतरताना डेस्कटॉपवरची आपली फाइल पुसा, पेन ड्राइव्ह काढा, आणि कन्व्हर्टर ज्याचं त्याला परत द्या. पुढचा रोल नंबर तेच मागायला दारात उभा असतो.